आर्बिनींची शेवटची तबकडी

१

कोळशाच्या बादलीत काळे तुकडे सापडले ते शुक्रवारी सकाळी. दुपार व्हायच्या आत अटलांटिक अॅव्हेन्यूवरच्या एकूण एक दुकानात एकच विषय होता: नख्ले आर्बिनींचा आवाज कोणी फोडला?

आवाज फोडला, असंच लोक म्हणत होते, आणि त्यात काही खोटं नव्हतं. नख्ले आर्बिनी म्हणजे ब्रुकलिनच्या आपल्या सीरियन चर्चचे मुख्य गायक. होम्सहून आले तेव्हा अंगावरचा कोट उसना होता, पण गळा स्वतःचा होता. या मोहल्ल्यातल्या प्रत्येकाचा बाप्तिस्मा, लग्न आणि मयत त्याच गळ्याने पार पडलं. शेवटी गळ्यालाच दुखणं लागलं. आवाज पुरता जायच्या थोडं आधी त्यांनी गुड फ्रायडेची शोकगीतं रेकॉर्ड करून ठेवली होती. ती छोटी कंपनी मंदीत बुडाली, साचे भंगारात गेले. उरल्या त्या फक्त पसंतीसाठी आलेल्या पहिल्या प्रती. त्यांवरच्या कागदी चकत्या कोऱ्या, ना नाव ना क्रमांक. एका जाड अल्बमच्या कप्प्यांत नख्लेंनी स्वतःच्या हाताने त्या ओळीने लावल्या होत्या. जगात दुसरी प्रत नव्हती.

आणि आता शेवटचा कप्पा रिकामा होता.

"या भावोजी," नख्लेंच्या पत्नी वर्देवहिनींनी दार उघडलं. काळे कपडे, हाताला गव्हाचा कोंडा. रविवारी नख्लेंच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस होता. चर्चमध्ये वाटायचे गहू उकडायला काढले होते. "बघा. बघा मेल्याने काय केलंय."

इस्कंदरकाका दुमानींनी टोपी काढली. निम्मं आयुष्य त्यांनी कोर्टात दुभाष्याचं काम करण्यात घालवलं होतं, त्यामुळे खोटं बोलणारा माणूस दोन्ही भाषांत कसा घाम पुसतो ते त्यांना पाठ होतं. निवृत्त झाल्यावरही मोहल्ल्याची भांडणं त्यांच्याच दारात यायची. पण हे भांडण वेगळं होतं. नख्ले त्यांचा सोंगट्यांच्या पटावरचा जोडीदार. त्यांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"हातोडीने फोडलीय," ते म्हणाले. "सांधायची सोयच ठेवली नाही. वहिनी, कोणावर संशय?"

"संशय कसला? मित्री! यांच्या जागी रविवारी तो गाणार होता ना? नाही गाणार. ज्याने माझ्या नवऱ्याचा गळा दाबला, त्याने चाळिसाव्याला उभं राहायचं? मी फादरना सांगणार आहे, त्याला चर्चच्या पायरीवरसुद्धा चढू देऊ नका."

"जरा थांबा हो. मला उद्यापर्यंत वेळ द्या."

"तुम्हाला आठवतं ना," वहिनींचा आवाज खाली आला, "ईस्टरला काय झालं ते?"

आठवत होतं. वहिनींची एकुलती एक मुलगी नज्ला. तिने वर्षापूर्वी फ्रँक नावाच्या आयरिश पोराशी लग्न केलं, तेही त्याच्या चर्चमध्ये. नख्लेंनी बोलणं टाकलं. ईस्टरला ती आली तर खोलीचं दार उघडलं नाही. आतूनच, बसलेल्या गळ्याने, सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, 'तुला काय सांगायचं ते मी रेकॉर्डवर सांगून ठेवलंय. माझ्या चाळिसाव्याला चारचौघांत ऐक.'

"मी किती खोदून विचारलं," वहिनी म्हणाल्या. "शाप दिलात की माफी दिलीत, एवढं तरी सांगा. शब्द फुटला नाही. पोर तेव्हापासून झुरतेय. आता त्या फुटक्या तुकड्यात काय होतं ते कोणाला कळणार?"

२

शुक्री कत्तानचं रेकॉर्डचं दुकान कोपऱ्यावर होतं. उरलेल्या तबकड्या वाजवून बघायच्या तर अल्बम घेऊन तिथेच जायला हवं होतं. वहिनींच्या घरी सुतकाचा काळा कपडा ग्रामोफोनवर पडलेला, चाळिसावा होईस्तोवर तिथे सूर निघणं शक्य नव्हतं.

"आधीच सांगतो काका," शुक्री हात वर करून म्हणाला, "मी चोर नव्हे. मी तर या रेकॉर्डी छापायला टपलो होतो. वहिनींनी हाकललं मला, चाळिसाव्याआधी धंद्याचं बोलतोस म्हणून. मी चोर असतो तर अख्खा अल्बम बगलेत मारला असता. एकच उचलून फोडीन कशाला?"

"गुरुवारी तू तिथे होतास."

"सगळेच होते! दुखवट्याची कडू कॉफी प्यायला गेलो, दोन गोष्टी बोललो, आलो. अल्बम बाहेरच्या खोलीत कपाटावर. कोणीही हात घालावा."

"बरं, वाजव."

शुक्रीने पहिली तबकडी लावली. खरखर झाली आणि नख्लेच बोलले. कंपनीचं नाव, मग 'गाणारा नख्ले आर्बिनी, होम्सचा'. जिवंत, किंचित घाईत, नेहमी सोंगटी टाकताना बोलायचे तसे. इस्कंदरकाकांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग शोकगीत सुरू झालं, आणि त्याखाली मित्री सब्बागने धरलेला एकच लांब सूर. आपल्या चर्चमध्ये वाद्य नसतं; एक जण गातो, दुसरा खालचा सूर सोडत नाही.

"एवढंच बोलणं?" काकांनी विचारलं. "मुलीबद्दल काही नाही?"

"नाही ना! मलाही तेच वाटलं होतं. बोलणं असतं ते सुरुवातीलाच. आपली कुठलीही रेकॉर्ड घ्या. आधी कोणीतरी कंपनीचं आणि गाणाऱ्याचं नाव पुकारणार, मग गाणं. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

एकामागून एक सगळ्या वाजल्या. कुठेच नज्लाचं नाव नाही. शोकगीत कबरीपाशी आलं आणि पुढची तबकडीच नव्हती.

"म्हणजे ते शब्द शेवटच्या तबकडीवर होते," काका हळू बोलले. "आणि फोडणाऱ्याने नेमकी तीच उचलली. ज्याला माहीत नव्हतं, त्याने पहिली फोडली असती."

शुक्रीने भुवया उंचावल्या. "मग काका, ज्याला माहीत होतं असा माणूस एकच. रेकॉर्डिंगच्या खोलीत नख्लेंच्या शेजारी उभा होता तो."

३

मित्री सब्बाग मामाच्या लेसच्या गोदामात खोकी बांधत होता. पस्तिशीचा, उंच, लाजरा. दहा वर्षं नख्लेंच्या डाव्या हाताला उभा राहून सूर धरलेला माणूस. आता गाण्याची पाळी त्याच्यावर आली होती आणि लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे, 'बरं गातोस, पण नख्ले ते नख्ले!'

"मला ठाऊक आहे लोक काय म्हणतात ते," तो दोरी ओढत म्हणाला. "तुलना नको म्हणून फोडली. आणि दुसरं काय म्हणतात तेही ठाऊक आहे."

"की तुला नज्लाशी लग्न करायचं होतं."

"होतं. तिला नव्हतं. संपलं." त्याने गाठ मारली ती इतकी घट्ट की सुतळी तुटली.

"मित्री, शेवटच्या रेकॉर्डवर काय होतं?"

त्याने नवी सुतळी ओढून घेतली.

"अरे बाबा, वहिनी तुला चर्चबाहेर काढायला निघाल्यात! तोंड उघड."

"शेवटच्या बाजूला जागा उरली होती," मित्री म्हणाला. "शोकगीत संपलं, आवाज कोरायच्या तबकडीवर मेण उरलं. नख्लेमास्तर म्हणाले, थांब, सूर सोडू नकोस. मग त्यांनी... नज्लासाठी होतं ते. त्यापुढचं नाही सांगणार. बायबलवर हात ठेवून शपथ घेतलीय, चाळिसावा होईपर्यंत अवाक्षर नाही."

"तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं? यंत्रावरचा माणूस?"

"तो अमेरिकन. त्याला एक शब्द कळला नाही."

"तू कोणाला सांगितलंस? वहिनींना? शुक्रीला? पोरीला?"

"कोणालाच नाही. देवाशपथ."

इस्कंदरकाकांनी कपाळाला हात लावला. या वेड्याने स्वतःच्या हाताने स्वतःभोवती फास आवळला होता. जागा त्याला एकट्याला माहीत, शपथही त्याचीच. कोर्टात असता तर वकिलाने त्याला खुर्चीतून उठू दिलं नसतं. आणि तरीही त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

४

नज्ला स्वयंपाकघरात होती. शेजारणी गहू निवडत बसलेल्या, ती त्यांच्यापासून दूर, टेबलाशी, फोटोंचा अल्बम घेऊन. रविवारी हॉलमध्ये लावायला फोटो निवडायचे होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती नोकरीला होती, तिथे तिला 'नेली' म्हणायचे; घरी ती नज्ला. बोलायची आपल्याच भाषेत, पण अमेरिकन वळणाने, आणि अरबी अक्षरओळख मुळीच नाही. लहानपणी नख्लेंनी पाटी घेऊन बसवलं की चाकाचे बूट घालून पळायची.

"काका, मित्री सांगेल का हो काय होतं ते?" तिने वर न बघता विचारलं.

"तुला ऐकायचंय?"

"मला?" ती कोरडं हसली. "चारचौघांत! बिशप येणार, फ्रँकचे आईवडील येणार, आणि माझा बाप फोनोतून मला शाप देणार. कोणाला ऐकावंसं वाटेल?"

"शापच असेल कशावरून?"

"दारसुद्धा उघडलं नाही त्यांनी, काका. आशीर्वाद द्यायचा असता तर हाक मारली असती ना? आशीर्वाद कोणी मेणात कोंडून ठेवतं का?"

काकांनी अल्बमकडे बोट केलं. "दाखव तरी."

"सुरुवातीपासून दाखवते," ती म्हणाली आणि अल्बम उघडला. पहिला फोटो इस्पितळाच्या गच्चीवरचा: चाकांच्या खुर्चीत, गळ्याला पट्टी, नख्ले ओळखू येईनात. मग पिकनिक. मग चर्चची पायाभरणी. पान उलटावं तसे नख्ले तरुण होत गेले, केस काळे झाले, आणि अगदी शेवटी होम्सच्या अंगणात उभा एक मिसरूड फुटलेला पोरगा, शेजारी दोन मेंढ्या.

"हा कोण?" नज्लाने विचारलं.

"तुझा बाप. आणि ती आमची मेंढरं."

ती हसली, आणि हसता हसता तिने चेहरा पदरात... नाही, पदर कुठला, टेबलावरच्या रुमालात लपवला. काकांना वाटलं, या पोरीचं कोणीतरी सांत्वन करायला हवं. पण सांत्वन करायला ज्याला यायला हवं होतं तो तर त्या इस्पितळाच्या फोटोत होता.

जिना उतरताना ते मधेच थांबले. फोटोंचा अल्बमही नख्लेंनीच लावलेला, आणि नख्ले मोठा शिस्तीचा माणूस. असा माणूस आपल्या आयुष्याच्या अल्बमची सुरुवात मरणापासून कशाला करेल? ते कठड्याला धरून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "अरे देवा!"

५

शनिवारी दुपारी त्यांनी चौघांना वहिनींच्या बाहेरच्या खोलीत बोलावलं. वहिनी मित्रीकडे पाठ करून बसल्या. शुक्री घड्याळाकडे बघत होता, शनिवारचं गिऱ्हाईक बुडत होतं. टेबलावर तबकड्यांचा तो जाड अल्बम, बंद.

"एकच काम," काका म्हणाले. "यातली पहिली रेकॉर्ड कुठे आहे, प्रत्येकाने कप्प्यावर बोट ठेवायचं आणि अल्बम मिटून टाकायचा. वहिनी, आधी तुम्ही."

"हा काय पोरखेळ, भावोजी?" पण वहिनींनी उजवीकडचा पुठ्ठा उचलला, पहिल्या कप्प्यावर बोट ठेवलं. शुक्रीने उजवीकडूनच उघडलं. मित्रीनेही. उजवीकडून डावीकडे वाचायची आपली अरबी पुस्तकं उघडतात त्याच बाजूने. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

"आता नज्ला."

ती पुढे आली. डावीकडचा पुठ्ठा उचलला. बोट कप्प्यापर्यंत गेलं आणि हवेतच राहिलं. तो कप्पा रिकामा होता.

काकांनी अल्बम मिटला.

"काल तू मला सुरुवातीपासून फोटो दाखवलेस," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात कोर्टातला ताठा नव्हता, उलट बोलायला लागत होतं याचंच दुःख होतं. "सुरुवात म्हणून शेवट दाखवलास. तुझा काही दोष नाही पोरी, शाळेत तुला सगळं डावीकडूनच उघडायला शिकवलं. गुरुवारी तुला पहिली रेकॉर्ड हवी होती. बोलणं सुरुवातीलाच असतं हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. चकत्या कोऱ्या. वाजवून खात्री करावी तर घरात सुतक. तू पहिली म्हणून काढलीस ती शेवटची निघाली. मला आधी वाटलं, फोडणाऱ्याला जागा माहीत होती. उलट होतं. त्याला काहीच माहीत नव्हतं."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. "नज्ला? अगं, खरं नाही ना हे? बोल ना!"

"मी फोडली, आई," नज्ला म्हणाली. "तू खाली कोळसा आणायला गेलीस तेव्हा. लोकांसमोर त्यांनी मला टाकलं असतं तर मी काय केलं असतं? फ्रँकला काय तोंड दाखवलं असतं? ते गेले ते गेले, मला वाटलं, निदान शेवटचा शब्द तरी कानावर पडायला नको."

"आणि मी मित्रीला..." वहिनींनी मित्रीकडे वळून बघितलं. मित्रीने फक्त मान हलवली, जाऊ दे म्हणून.

नज्लाच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडत होता. "पण काका, मग मी चुकीची फोडली! बाबांचं बोलणं अजून आहे? पहिलीवर?"

तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि त्या भीतीखाली, बघवू नये अशी, आशा. दोन दिवस जे नको नको म्हणत होती, ते तिला हवंच होतं.

इस्कंदरकाकांना त्या क्षणी खोटं बोलावंसं वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेलं, एक शब्द कधी बदलला नाही. आज बदलावासा वाटला.

"पहिलीवर फक्त त्यांचं नाव आहे," ते म्हणाले. "तुझ्यासाठी होतं ते शेवटचीवर. उरलेल्या जागेत."

नज्ला खुर्चीत बसली. "म्हणजे बरोबर तीच," ती म्हणाली. मग मित्रीकडे वळली. "काय होतं?"

"उद्या," तो म्हणाला. "मास्तरांना शब्द दिलाय."

६

रविवारी मित्री गायला. नख्लेंसारखा नाही, पण मनापासून. वहिनींनीच त्याला पुढे उभं केलं होतं. गहू वाटून झाले, हॉलमध्ये लोक तबकड्या ऐकत बसले, बायका मुसमुसल्या, शोकगीत कबरीपाशी येऊन तुटलं आणि बिशपनी 'देव त्यांना शांती देवो' म्हणून वेळ सांभाळली. एक तबकडी पडून फुटली, असं काकांनी सगळ्यांना सांगितलं. त्यांच्या शब्दावर कोणी शंका घेत नसे.

संध्याकाळच्या आधी घरी चौघंच होते. वहिनींनी ग्रामोफोनवरचा काळा कपडा काढून त्याची घडी केली. आता वाजवायला हरकत नव्हती, आणि वाजवायला काही नव्हतं.

"सांग," नज्ला म्हणाली. कालपासून तिने अन्नाला हात लावला नव्हता. "कसलाही असो. शाप असला तरी सांग."

मित्री उभाच होता. "शाप नव्हता," तो म्हणाला. "लग्नाचं गाणं होतं."

"कुठलं लग्नाचं?"

"मुकुट घातल्यावर वधूवरांना टेबलाभोवती फिरवतात तेव्हाचं. मास्तर म्हणाले, या मोहल्ल्यातली प्रत्येक पोर माझ्या गाण्यावर फिरली. माझीच तेवढी राहिली. मी हट्टी गाढव, तिच्या लग्नाला चर्चच्या दारापर्यंतसुद्धा गेलो नाही. आता गळा जायच्या आत तिचं लग्न लावून टाकतो. चारचौघांत लावायचं, चोरून नाही. म्हणून चाळिसाव्याला. आणि गायले. शोकगीतानंतर लगेच लग्नाचं! मी तर घाबरलो, असं कोणी करत नाही. पण काय गायले, नज्ला. मी त्यांच्या शेजारी दहा वर्षं उभा होतो, असं कधी ऐकलं नव्हतं."

वहिनी तोंडावर हात दाबून रडत होत्या. "मला सांगायचं होतंत," त्या नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या. "एका शब्दाने सांगायचं होतंत, मेल्या माणसा. दार उघडायचं होतंत."

इस्कंदरकाकांच्या मनात आलं, एवढा गळा देवाने दिला आणि साधं बोलायला जमलं नाही. त्यांना नख्लेंचा राग आला, आणि राग येताच डोळे भरून आले.

"मी गाऊन दाखवू?" मित्रीने विचारलं. "मला येतं ते."

"नको," नज्ला म्हणाली. तिने घडी केलेला काळा कपडा उचलून हातात घेतला. मग म्हणाली, "गाणं झाल्यावर? पुढे काही होतं?"

मित्री अडखळला. त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली.

"थोडं मेण उरलं होतं," मित्री म्हणाला. "यंत्रावरचा माणूस हाताने थांबा थांबा करत होता. मास्तर भोंग्यात वाकले आणि म्हणाले, 'नज्ला, ऐकलंस ना गं?' बस. सुई उचलली."

खाली रस्त्यावरून ट्राम गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या.

"नाही, बाबा," नज्ला म्हणाली.

वहिनी उठून तिच्याजवळ गेल्या. इस्कंदरकाकांनी टोपी उचलली, मित्रीला खुणेने बोलावलं, आणि दोघं आवाज न करता जिना उतरून गेले.